मूतखड्याची तपासणी: चाळणीपासून रिपोर्टपर्यंत

तपासणीला येणारा मूतखडा बहुतेक वेळा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा असतो. दुर्बिणीतून लेझरने फोडलेला असेल तर नुसती पूड आणि कपच्या. एवढ्याशा ऐवजातून जे कळतं ते सोनोग्राफीत कळत नाही आणि सीटी स्कॅनमध्येही पुरतं कळत नाही: खडा नेमका कोणत्या स्फटिकांचा आहे, त्याची सुरुवात कशाने झाली आणि नंतर त्यावर काय चढत गेलं. पुन्हा खडा होऊ नये म्हणून काय करायचं, याचं उत्तर याच माहितीवर उभं असतं. म्हणून "खडा पडला, पण फेकून दिला" हे वाक्य खड्यांवर काम करणाऱ्या आम्हा लोकांना फार लागतं. खडा हाती येण्यापासून रिपोर्टवर सही होईपर्यंत काय काय घडतं, कुठे बिघडतं आणि का, ते इथे क्रमाने लिहितो आहोत.

पहिलं काम खडा पकडण्याचं. मूत्रवाहिनीतला खडा ५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तो आपोआप पडण्याची शक्यता बरीच असते. १० मिलिमीटरच्या पुढे ती फारच कमी होते. डॉक्टरांनी वाट पाहायला सांगितली असेल, तर त्या दिवसांत प्रत्येक वेळची लघवी बारीक जाळीच्या चाळणीतून गाळायची. प्रत्येक वेळची, रात्रीचीसुद्धा. कळ थांबली म्हणजे खडा बाहेर पडला असं नव्हे. तो मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरला की कळ थांबते आणि त्यानंतर केव्हातरी, कधी दुसऱ्या दिवशी, तो लघवीवाटे निघून जातो. नेमकं कळ थांबल्यावरच लोक गाळणं सोडतात आणि खडा हातचा जातो.

मिळालेला खडा साध्या पाण्याने धुवायचा, त्यावरचं रक्त आणि बुळबुळीतपणा जाऊ द्यायचा, टिपकागदावर उघडा ठेवून वाळवायचा आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घालायचा. एवढंच. फॉर्मॅलिनमध्ये अजिबात टाकायचा नाही. शस्त्रक्रियेतून निघालेली प्रत्येक गोष्ट फॉर्मॅलिनमध्ये घालायची सवय असते, पण मांसाच्या तुकड्याला जे चालतं ते स्फटिकाला चालत नाही. स्ट्रुव्हाइटसारखे, म्हणजे जंतुसंसर्गातून होणारे खडे त्यात रासायनिकदृष्ट्या बदलू शकतात. चिकटपट्टीखाली दाबून कागदावर चिकटवलेले खडेही येतात. चिकटपट्टीचा गोंद खड्यात मुरतो आणि पुढे तपासणी यंत्राच्या आलेखावर त्याच्या स्वतःच्या रेघा उमटवतो. कापसात गुंडाळला तर तंतू अडकतात. आणि जंतुसंसर्गाचा संशय असेल, तर वाळवण्याआधीच खड्याचा एक तुकडा निर्जंतुक डबीत घालून कल्चरला वेगळा पाठवायला हवा. स्ट्रुव्हाइटच्या पोटात जंतू जिवंत राहतात. लघवीच्या कल्चरमध्ये न दिसलेला जंतू खड्याच्या कल्चरमध्ये सापडतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो.

प्रयोगशाळेत खडा आधी डोळ्यांनी वाचायचा असतो, यंत्राने नंतर. हा भाग घाईत उरकला जातो, आणि आमच्या मते बहुतेक चुकीच्या रिपोर्टचं मूळ तिथेच असतं. वजन आणि माप घ्यायचं, मग १० ते ४० पट मोठं दाखवणाऱ्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली खडा चिमट्याने सगळ्या बाजूंनी फिरवून पाहायचा. कॅल्शियम ऑक्झलेटच्या दोन जाती इथेच वेगळ्या दिसतात. व्हेवेलाइट, म्हणजे पाण्याचा एक रेणू असलेलं ऑक्झलेट, गडद तपकिरी आणि गुळगुळीत किंवा बारीक गाठीगाठींचं असतं. त्याचा छेद घेतला तर मध्यापासून बाहेर पसरलेल्या रेषा आणि एकात एक वलयं दिसतात. वेडेलाइट, म्हणजे पाण्याचे दोन रेणू असलेलं, फिकट पिवळसर असतं आणि त्याच्या पृष्ठभागावर धारदार कडांचे पिरॅमिडसारखे स्फटिक उभे असतात. बोटाला टोचतात. युरिक ॲसिडचा खडा नारिंगी ते विटकरी. स्ट्रुव्हाइट मळकट पांढरं, भुसभुशीत, चिमट्याने दाबलं की चुरा होणारं. सिस्टिन (एक अमिनो आम्ल) मेणासारखं, मधाच्या रंगाचं, थोडं अर्धपारदर्शक. ब्रशाइट (कॅल्शियम फॉस्फेटची एक जात) इतकं कठीण, की खड्यावर लिथोट्रिप्सीचे, म्हणजे बाहेरून खडा फोडणाऱ्या लहरींचे, धक्के देऊनही तो का फुटला नाही याचा उलगडा अनेकदा हा रिपोर्ट आल्यावर होतो.

या निरीक्षणात आम्ही एक गोष्ट खास शोधतो. काही लहान व्हेवेलाइट खड्यांच्या एका बाजूला उथळ खळगा असतो आणि त्या खळग्यात पांढरट ठिपका. खडा मूत्रपिंडाच्या पॅपिलावर, म्हणजे लघवी जिथे झिरपते त्या टोकावर, चिकटून वाढला याची ती खूण. अलेक्झांडर रँडल यांनी १९३७ मध्ये पॅपिलावरच्या अशा चुनखडी डागांचं वर्णन केलं आणि तेव्हापासून त्यांना रँडलचे डाग म्हणतात. तो पांढरा ठिपका ऑक्झलेटचा नसतो, तो कॅल्शियम फॉस्फेटचा, म्हणजे ॲपेटाइटचा असतो. पॅपिलाच्या ऊतीत आधी ॲपेटाइट साचतं, वरचं अस्तर झिजलं की ते लघवीत उघडं पडतं आणि मग त्यावर ऑक्झलेटचे थर बसत जातात. हा ठिपका सुईने टोकरून वेगळा तपासला नाही आणि सगळा खडा एकत्र कुटला, तर एवढंसं ॲपेटाइट आलेखात बुडून जातं. रिपोर्ट येतो "कॅल्शियम ऑक्झलेट १०० टक्के", आणि सुरुवात कुठे झाली ते कायमचं हरवतं.

म्हणून खडा अखंड असेल तर तो आधी मधोमध कापायचा. बारीक पात्याने किंवा शस्त्रक्रियेच्या ब्लेडने, झाकणाखाली, कारण कपच्या उडतात. मग गाभा, मधले थर आणि बाहेरचं कवच यांतून वेगवेगळे नमुने घ्यायचे. गाभा युरिक ॲसिडचा आणि कवच ऑक्झलेटचं असे खडे दुर्मीळ नाहीत. अशा माणसाला फक्त ऑक्झलेटची पथ्यं सांगितली, तर बी तसंच राहतं. उलट स्ट्रुव्हाइटच्या मोठ्या, फाटे फुटलेल्या खड्याच्या गाभ्यात ऑक्झलेट किंवा सिस्टिन निघालं, तर जंतू नंतर आले आणि मूळ दोष चयापचयाचा आहे असं समजायचं. लेझरने पूड झालेल्या खड्यात ही सगळी रचना गेलेली असते. तिथे निदान रंगावरून वेगळ्या दिसणाऱ्या कपच्या निवडून त्यांची वेगवेगळी तपासणी करायची, आणि गाभा ओळखता आला नाही हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहायचं.

वाळवण्याबद्दल थोडं. नमुना ४० अंश सेल्सियसच्या आतच वाळवायचा. घाई करून १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला, तर स्ट्रुव्हाइटमधलं स्फटिकजल उडून जातं, त्याची रचना मोडते आणि आलेख ओळखू येत नाही. स्ट्रुव्हाइटच्या एका रेणूबरोबर पाण्याचे सहा रेणू असतात, तेव्हा जायला बरंच काही असतं. वेडेलाइटचंही तेच, उष्णतेने त्यातला पाण्याचा एक रेणू जातो आणि त्याचं व्हेवेलाइट होतं. खलात जोर लावून फार वेळ घोटलं तरी हा बदल होऊ शकतो. म्हणजे तपासणाऱ्याच्या हातानेच नमुना बदलतो आणि रिपोर्ट भलत्याच दिशेला जातो.

आता खुद्द तपासणी. सध्या भरवशाच्या पद्धती दोन: इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी (नमुना कोणते इन्फ्रारेड किरण शोषतो याचा आलेख) आणि क्ष-किरण विवर्तन (स्फटिकातून क्ष-किरण कसे विखुरतात ते पाहणं). बहुतेक ठिकाणी पहिली चालते, कारण तिला नमुना थोडा लागतो आणि स्फटिकरूप नसलेले पदार्थही तिच्यात दिसतात. पोटॅशियम ब्रोमाइडची चकती करायची असेल, तर साधारण १ ते २ मिलिग्रॅम नमुना आणि २०० ते ३०० मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड अकीकाच्या खलात एकजीव करायचं. ब्रोमाइड आधी ओव्हनमध्ये वाळवून शोषकपात्रात ठेवलेलं हवं. हे मिश्रण १३ मिलिमीटरच्या साच्यात घालून आठ-दहा टनांचा दाब द्यायचा. चकती काचेसारखी पारदर्शक निघाली पाहिजे. दुधाळ निघाली तर भुकटी नीट बारीक झालेली नाही किंवा ब्रोमाइडने ओल धरली आहे. ती चकती टाकून दुसरी करायची, कारण दुधाळ चकतीतून प्रकाश विखुरतो आणि आलेखाची पायाच्या बाजूची रेघ तिरकी होते. ओलीचा त्रास आणखी वेगळा आहे: पाण्याची स्वतःची पट्टी ३४०० आणि १६४० या तरंगसंख्यांच्या (एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या तरंगांची संख्या) आसपास येते आणि नेमकी ऑक्झलेटच्या पट्ट्यांवर बसते. हिऱ्याच्या पृष्ठावर नुसती भुकटी दाबून मोजणारी एटीआरची जोडणी असेल, तर चकतीची कटकट वाचते. फक्त दोन नमुन्यांमध्ये हिरा अल्कोहोलने पुसून, रिकामा आलेख पुन्हा काढून खात्री करायची. आधीच्या खड्याची भुकटी राहिली तर पुढच्या रिपोर्टमध्ये ती हजर होते.

आलेख ४००० ते ४०० तरंगसंख्यांपर्यंत काढतात. व्हेवेलाइटची मोठी पट्टी १६२० च्या आसपास आणि दुसरी १३१७ च्या आसपास असते. वेडेलाइटच्या याच दोन पट्ट्या थोड्या वर, १६४० आणि १३२८ कडे सरकलेल्या दिसतात. खात्री करायला ३००० च्या वरचा भाग पाहायचा. व्हेवेलाइटमध्ये तिथे वेगवेगळी शिखरं ओळीने दिसतात, वेडेलाइटमध्ये एकच रुंद उंचवटा. ॲपेटाइटची पट्टी १०३५ जवळ येते आणि त्यात कार्बोनेट असेल तर १४२० व ८७० जवळ जास्तीच्या पट्ट्या. स्ट्रुव्हाइटची मुख्य पट्टी हजाराच्या किंचित वर. युरिक ॲसिडच्या आलेखात पट्ट्यांची गर्दीच असते.

संगणकातलं ग्रंथालय, म्हणजे माहीत असलेल्या पदार्थांच्या आलेखांचा साठा, जुळवणी करून "९७ टक्के जुळतं" असं सांगतं. तो आकडा खड्यातलं प्रमाण नसतो, आलेखांच्या साम्याचा असतो. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी छापलेले रिपोर्ट आम्ही पाहिले आहेत. ऑक्झलेटच्या पट्ट्या इतक्या ठळक असतात, की त्यांच्या सावलीत १० टक्के युरिक ॲसिड सहज लपतं. म्हणून जुळवणी झाल्यावर मुख्य घटकाचा आलेख वजा करून उरलेल्या रेघा माणसाने डोळ्यांनी पाहायच्या. ११२० च्या आसपास कारण नसताना काही उरलं असेल, तर युरिक ॲसिडचा संशय घ्यायचा. आणि ७९८ व ७७९ अशी जुळी शिखरं, सोबत १०८० च्या आसपास मोठी रुंद पट्टी दिसली, तर तो क्वार्ट्झ आहे. मूत्रपिंडात क्वार्ट्झ तयार होत नाही. भांड्यात पडलेला वाळूचा कण खडा समजून आलेला असतो. असा रिपोर्ट देताना संशयाचा सूर लावायचा नाही. "नमुना मूत्रमार्गातल्या खड्याशी जुळत नाही, पुन्हा नमुना द्यावा" एवढं पुरतं.

जुनी ओली रासायनिक पद्धत अजून काही ठिकाणी चालते. तिच्यात खडा विरघळवून कॅल्शियम, ऑक्झलेट, फॉस्फेट, अमोनियम, युरेट असे आयन एकेक करून शोधतात. युरिक ॲसिडसाठी म्युरेक्साइड चाचणी होते: भुकटीवर नायट्रिक ॲसिडचे थेंब, हलक्या आचेवर कोरडं होईपर्यंत तापवणं, मग अमोनिया, की जांभळा रंग. सिस्टिनसाठी सायनाइड-नायट्रोप्रुसाइडने येणारा किरमिजी रंग. या चाचण्या खोट्या नाहीत, पण त्या आयन सांगतात, संयुग सांगत नाहीत. व्हेवेलाइट आणि वेडेलाइट त्यांना एकच. २,८-डायहायड्रॉक्सिॲडेनिनचा खडा युरिक ॲसिडचा म्हणून निघून जाऊ शकतो, आणि ही चूक महागात पडते. हा खडा एपीआरटी नावाच्या एन्झाइमच्या जन्मजात अभावामुळे होतो. वेळेवर ओळखला तर ॲलोप्युरिनॉलने रोखता येतो, नाहीतर मूत्रपिंडं निकामी करू शकतो. लघवी अल्कलीधर्मी करण्याचा युरिक ॲसिडवरचा उपाय त्याच्यावर चालत नाही. मूल किंवा तरुण माणूस असेल आणि खडा क्ष-किरणात दिसत नसेल, तर इन्फ्रारेड तपासणीचा आग्रह धरावा.

हे सगळे पदार्थ मुळात साक्यासारखे खाली का बसतात? लघवी हे अतिसंपृक्त द्रावण आहे. कॅल्शियम ऑक्झलेट तर निरोगी माणसाच्या लघवीतही पाण्यात मावेल त्यापेक्षा जास्त असतं. तरी खडा होत नाही, कारण सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, मॅग्नेशियम ऑक्झलेटला, आणि काही प्रथिनं स्फटिकांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. लघवी कमी झाली, कॅल्शियम किंवा ऑक्झलेट वाढलं किंवा सायट्रेट घटलं, की तोल जातो. त्यातही स्फटिकाला टेकायला जागा मिळाली, रँडलच्या डागासारखी, तर काम आणखी सोपं होतं.

युरिक ॲसिडचं गणित सगळ्यात स्वच्छ आहे आणि ते समजलं की उपचारही समजतो. शरीराच्या तापमानाला न विघटलेलं युरिक ॲसिड लिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅमच विरघळतं. त्याचा पीके ५.३५ च्या जवळ आहे. म्हणजे लघवीचा पीएच तेवढा असेल तर अर्धं युरिक ॲसिड असंच, आणि अर्धं युरेट होऊन विरघळलेलं. पीएच ५ ला लिटरमध्ये एकूण दीडशेच्या आत मावतं. पीएच ६.५ ला सुमारे दीड हजार. रोज ६०० मिलिग्रॅम युरिक ॲसिड दीड लिटर लघवीतून जात असेल, तर लिटरला ४०० झाले: पीएच ५ ला खडा पक्का, ६.५ ला प्रश्नच नाही. म्हणून या खड्यात पहिलं काम पीएच वाढवण्याचं असतं, युरिक ॲसिड कमी करण्याचं त्याच्या मागून येतं. पोटॅशियम सायट्रेटने पीएच ६ ते ६.५ वर ठेवला तर नवा खडा टळतो, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडा आणखी वर नेला तर असलेला खडा विरघळूनही जातो. कापाकापी न करता औषधाने पूर्ण विरघळणारा, रोज दिसणारा असा हा एकच खडा. सिस्टिनला पीएच याहून बराच वर, ७ च्या पुढे, आणि लघवी भरपूर लागते. स्ट्रुव्हाइटचं उलटं: प्रोटियससारखे जंतू युरिएज एन्झाइमने युरिया फोडून अमोनिया करतात, पीएच ७ च्या वर जातो आणि त्यातच मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट खाली बसतं. तिथे एक कपची जरी मागे राहिली तरी खडा पुन्हा उभा राहतो.

आता त्या दोन ऑक्झलेटांकडे परत येऊ, कारण रोजच्या कामात जास्तीत जास्त खडे हेच असतात. पॅरिसचे मिशेल दोदों यांनी खड्यांच्या बाह्यरूपाचा संबंध कारणांशी जोडणारं वर्गीकरण केलं. त्यातला सर्वांत उपयोगी धडा असा: वेडेलाइट जास्त असेल तर लघवीतल्या वाढलेल्या कॅल्शियमकडे बोट दाखवतं, आणि व्हेवेलाइट वाढलेल्या ऑक्झलेटकडे. अपवाद आहेत. वेडेलाइट शरीरात पडून राहिलं तर हळूहळू व्हेवेलाइटमध्ये बदलतं. पण तेव्हा बाहेरचा आकार जुना, टोकदार राहतो आणि आतली रचना नवी होते, म्हणून भिंगाखालचं निरीक्षण इथेही उपयोगी पडतं. रिपोर्टवर नुसतं "कॅल्शियम ऑक्झलेट" छापलं असेल तर यातलं काहीच हाती लागत नाही. मोनोहायड्रेट की डायहायड्रेट, हे विचारून घ्यायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

खड्याचा रिपोर्ट आला की पुढची पायरी चोवीस तासांच्या लघवीची. खडा काढल्यानंतर किंवा पडल्यानंतर लगेच नको. साधारण सहा आठवडे थांबायचं, आणि नेहमीचं खाणंपिणं चालू असतानाच गोळा करायची. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची आणि तीच वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवीसुद्धा डब्यात. लोक एक तर दोन्ही सकाळच्या लघव्या घालतात किंवा दोन्ही सोडतात. ही चूक क्रिएटिनिनवरून, म्हणजे शरीरातून रोज साधारण ठरावीक प्रमाणात लघवीत जाणाऱ्या पदार्थावरून, पकडली जाते: पुरुषात दर किलो वजनाला दिवसाला साधारण २० ते २५ मिलिग्रॅम आणि स्त्रीत १५ ते २० मिलिग्रॅम अपेक्षित असतं. ७० किलोच्या पुरुषाचं ८०० मिलिग्रॅम आलं, तर गोळा करणं अपुरं झालं आहे, आणि मग त्यातलं "नॉर्मल" कॅल्शियम नॉर्मल नसतं.

डब्यात काय घातलं आहे तेही महत्त्वाचं. कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेटसाठी डब्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं, नाहीतर क्षार डब्याच्या तळालाच बसतात. शिवाय ॲसिड नसेल तर क्षारधर्मी झालेल्या लघवीत क जीवनसत्त्वाचं ऑक्झलेट होऊन आकडा फुगतो. पण त्याच ॲसिडमध्ये युरिक ॲसिड खाली बसतं आणि पीएच तर मोजताच येत नाही. त्यामुळे एक तर दोन वेगळे डबे, किंवा बिनॲसिडच्या थंड ठेवलेल्या डब्यातून प्रयोगशाळेत वाटे करून एका वाट्यात ॲसिड. कोणती पद्धत आहे ते आधी विचारावं. ॲसिड असलेल्या डब्यात थेट लघवी करू नये, वाफ आणि शिंतोडे भाजतात. वेगळ्या भांड्यात घेऊन ओतावी.

आकडे वाचताना साधारण मर्यादा अशा: लघवी अडीच लिटरच्या आसपास हवी, कॅल्शियम स्त्रियांत २५० आणि पुरुषांत ३०० मिलिग्रॅमच्या आत, ऑक्झलेट ४० ते ४५ च्या आत, सायट्रेट ३२० च्या वर. अडीच लिटर हे लघवीचं माप आहे, पिण्याच्या पाण्याचं नव्हे. घामावाटे जाणारं पाणी वरून प्यावं लागतं. इटलीत बोर्गी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, लघवी दोन लिटरच्या वर राहील इतकं पाणी पिणाऱ्या गटात पाच वर्षांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. त्याच गटाच्या २००२ च्या चाचणीत आणखी महत्त्वाचं निघालं. लघवीत कॅल्शियम जास्त असलेल्या पुरुषांना कॅल्शियम कमी केलेला आहार देण्यापेक्षा दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहारी प्रथिनं कमी असा आहार दिला, तेव्हा खडे निम्म्यावर आले. कारण आतड्यातच आहे. जेवणातलं कॅल्शियम तिथे ऑक्झलेटला बांधून विष्ठेवाटे नेतं. ते तोडलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत येतं. "खडा कॅल्शियमचा आहे, मग दूध बंद" हा सल्ला अजूनही दिला जातो, आणि तो नुकसान करतो. तोडायचं ते मीठ: रोजचं जवळपास सहा ग्रॅम मीठ वाढलं, की लघवीतलं कॅल्शियम साधारण ४० मिलिग्रॅमपर्यंत वाढू शकतं.

साध्या लघवी तपासणीत दिसणाऱ्या स्फटिकांबद्दल मात्र फार घाबरू नये. ताज्या लघवीतले १० ते १२ मिलिलिटर सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवून, वरची ओतून, तळच्या अर्ध्या मिलिलिटरमधला एक थेंब काचपट्टीवर पाहतात. नमुना दोन तासांपेक्षा जुना किंवा फ्रिजमधला असेल, तर निरोगी माणसाच्या लघवीतही युरेटचा गुलाबी साका आणि फॉस्फेटचा पांढरा साका बसतो. पहिला कोमट केल्यावर विरघळतो, दुसरा ॲसेटिक ॲसिडच्या थेंबाने. लिफाफ्यासारखे दिसणारे वेडेलाइटचे चारदोन स्फटिक कोणाच्याही लघवीत सापडतील. ज्याकडे कधीच दुर्लक्ष करायचं नाही असा स्फटिक एक: सपाट, रंगहीन, सहाकोनी सिस्टिन. युरिक ॲसिडही कधी सहाकोनी दिसतं, पण सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सिस्टिन विरघळतं आणि युरिक ॲसिड नाही. सिस्टिन दिसलं तर तो आनुवंशिक दोष आहे, आणि भावंडांचीही तपासणी करायला हवी.

औषध किंवा आहार सुरू केल्यावर चोवीस तासांची लघवी सहा महिन्यांच्या आत पुन्हा तपासावी आणि नंतर वर्षाला एकदा. दुसरा खडा पडला तर तोही द्यावा, "आधीचा रिपोर्ट आहे" म्हणून सोडू नये. पहिला युरिक ॲसिडचा होता आणि सायट्रेटच्या मात्रेने पीएच सतत ७ च्या वर राहत असेल, तर दुसरा कॅल्शियम फॉस्फेटचा निघू शकतो, आणि तेव्हा मात्रा वाढवायची नसते, कमी करायची असते.